‘बाई, दिवाळीला तुम्ही आम्हाला काय देणार?’

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची कोल्हापूर जिल्ह्यातली. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली आणि गेल्या वर्षी शिक्षणसेवक म्हणून बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या एका शाळेत रुजू झाले. तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्याकडे आहे, पट ३४. मानधन १६,००० रुपये. त्यातून खोलीचं भाडं, जेवणखाण, घरी थोडे पैसे, असं भागवते.

गेल्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत विचारलं, ‘बाई, दिवाळीला तुम्ही आम्हाला काय देणार?’ तिने सहज विचारलं, पण ते माझ्या मनातून जाईना. माझ्याबरोबर नोकरीला लागलेल्या मैत्रिणीने मागच्या दिवाळीत तिच्या वर्गातल्या सगळ्यांना स्टीलचे डबे दिले होते. स्टेटसला फोटो होते. मला तेवढं जमणार नाही. फार तर हजार रुपये बाजूला काढता येतील, म्हणजे एका मुलामागे तीस रुपयेसुद्धा नाहीत.

आणखी एक. यातली १३ मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. एकदा गेली की थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. त्यांना काय द्यावं ते तर सुचतच नाही. एवढ्याशा पैशांत दिलेली वस्तू हलकी वाटेल का? त्यापेक्षा काहीच न दिलेलं बरं का? आणि मला तू म्हणा, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे.

– एक शिक्षिका

प्रिय मुली,

आधी तारखेचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. सुट्टीची भेट सुट्टीच्या आदल्या दिवशी द्यायची, असं तुझ्या डोक्यात असेल. सगळ्या शाळांत तसंच होतं. पण तुझ्या वर्गाला ते चालणार नाही. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीतरी सुरू होतो, तारीख दरवर्षी बदलते. आणि दसरा झाला की गावात गाड्या भरायला लागतात. मुकादमाचा निरोप आला की रात्रीतून भांडीकुंडी, सरपण, शेळी, पोरं सगळं ट्रॅक्टरमध्ये चढतं. सकाळी हजेरी घेताना तीन नावांना ‘हजर’ येत नाही, तेव्हा आपल्याला कळतं. माझी बरीच नोकरी नगर जिल्ह्यात झाली. तिथल्या एका गावात पहिल्याच वर्षी मी सुट्टीच्या आदल्या दिवशी खाऊ घेऊन वर्गात गेले, तर ज्यांच्यासाठी मुद्दाम जास्त आणला होता ती पाच मुलं दोन दिवसांपूर्वीच गेली होती. तो खाऊ मी बाकीच्यांना वाटला खरा, पण त्या पाच रिकाम्या जागा मला आजही दिसतात. म्हणून तुला सांगते, आजच्या आज त्या १३ घरांत विचारून ये की तुमची टोळी कधी उचलणार. ज्या घराची तारीख सगळ्यांत आधीची, तिच्या चार दिवस आधी तुझी भेट तयार हवी. आणि ती सगळ्या ३४ जणांना एकाच दिवशी दे.

आता पैशांचं. हजार रुपये पुरतात. मी खाली हिशोब देते, त्यात काही उरतीलही.

पण वस्तू कोणती, हे ठरवण्याआधी एक प्रसंग सांगते. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी मी वर्गातल्या प्रत्येकाला मेणाच्या खडूंची पेटी दिली होती. तेव्हाच्या पगाराच्या मानाने तो मोठा खर्च होता. मुलं हरखली. सुट्टीनंतर मी म्हटलं, आणा बघू काय काय चित्रं काढली. दुसरीतली एक मुलगी पेटी घेऊन आली, तशीच्या तशी, एकही खडू न झिजलेली. मला वाटलं, जपून ठेवली असेल. विचारलं तेव्हा म्हणाली, ‘बाई, घरी कागद नव्हता.’ शाळेची वही चित्रांसाठी वापरली तर बाई रागावतील, असं तिला वाटलं होतं. आणि घरात दुसरा कोरा कागद नव्हता, खरोखर एकही नव्हता.

त्या दिवसापासून मी भेटीकडे एकाच नजरेने बघते. ती वापरायला मुलाला दुसरं काही मागावं लागेल का? आईकडे पैसे, दादाकडे मोबाइल, शेजाऱ्याकडे कात्री? मागावं लागत असेल तर ती भेट गरीब घरात जाऊन बंदच राहते. आणि तुझ्या १३ मुलांची घरं तर पाच महिने कोपीत असणार. पाचटाचं छप्पर, आत एक बल्ब असला तर असला. पहाटे आईबाप फडात गेले की धाकट्या भावंडाला सांभाळायला ही आठ-नऊ वर्षांची पोर मागे. तिच्या हाताला त्या कोपीत बसून जे वापरता येईल, ते दे. ते जमलं की गावात राहणाऱ्या २१ जणांनाही ते नक्की चालेल.

म्हणून माझं पहिलं मत वहीचं. विकतच्या नव्हे, तू शिवलेल्या.

विकतची वही पंधरा-वीस रुपयांना मिळते, पण तिच्यावर रेघा असतात आणि रेघा दिसल्या की मुलाला अभ्यास आठवतो. कोरी वही वेगळीच. तालुक्याच्या गावी जाऊन ए-फोर कागदाचं एक रिम घे, साधारण तीनशे रुपयांना येईल. त्यात ५०० कागद असतात. एका वहीला १४ कागद घे. मधोमध घडी घातली की २८ पानं, म्हणजे ५६ पृष्ठं होतात. ३४ वह्यांना ४७६ कागद लागतात. चौदा कागदांची एकदम घडी नीट बसत नाही, म्हणून सात-सातची वेगळी घाल आणि एकात एक बसव. वरून कव्हरला जुन्या कॅलेंडरची जाड, पाठकोरी पानं. बँकेची, दुकानांची कॅलेंडरं गावात घराघरांत लटकलेली असतात, मागितलीस तर हसत देतील. कोरी बाजू बाहेर ठेव.

शिवायला तीन भोकं पुरतात. वही मधोमध उघडून घडीवर दाभणाने एक भोक बरोबर मध्ये पाड आणि वर-खाली तीन-तीन बोटं सोडून एकेक. गोधडीचा जाड दोरा सुईत ओव. आतून मधल्या भोकातून बाहेर काढ, चार बोटं शेपूट आत राहू दे. बाहेरून वरच्या भोकातून आत ये. आतल्या आत मधलं भोक ओलांडून थेट खालच्यातून बाहेर पड आणि पुन्हा मधल्यातून आत ये. आता दोऱ्याची दोन टोकं आत आली. मधल्या लांब टाक्याच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरं घेऊन घट्ट निरगाठ मार. वही फाटेल, पण शिवण सुटणार नाही. पहिल्या वहीला अर्धा तास जाईल, दहाव्यापर्यंत हात बसेल. रोज संध्याकाळी पाच केल्यास तर आठवड्यात होतात.

कव्हरवर चित्रबित्र काढत बसू नकोस, ते मुलं काढतील. फक्त नाव लिही. तुझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात, पूर्ण नाव. या वयाच्या मुलांना आपलं पूर्ण नाव सुंदर अक्षरात लिहिलेलं क्वचित बघायला मिळतं. हजेरीपटात ते आखडून बसवलेलं असतं आणि पुस्तकावर त्यांनी स्वतः कसंतरी लिहिलेलं असतं.

आणि आता ज्याला एक पैसाही लागत नाही, पण सगळ्यांत जास्त वेळ लागतो ते. वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकासाठी एक ओळ. ‘खूप शीक, मोठा हो’ ही ओळ नको. ती कुणालाही लागू पडते आणि म्हणून कुणाचीच नसते, मुलांना ते लगेच कळतं. जे तू त्या मुलात पाहिलंस ते लिही. ‘खिचडी वाढताना तू पहिलीतल्या पोरांच्या ताटाखाली हात धरतोस, सांडू नये म्हणून. मी पाहिलंय.’ ‘तू सातचा पाढा चुकलीस, थांबलीस आणि पहिल्यापासून पुन्हा म्हटलास. मला ते फार आवडलं.’ अशी. मुलगा हुशार आहे की नाही याचा त्यात संबंध नको.

३४ ओळी एका रात्रीत लिहायला बसलीस तर दहाव्या नावानंतर सगळ्या सारख्या होतील. एक कागद घे, ३४ नावं खालोखाल लिही आणि तो टाचणवहीत ठेव. रोज शाळा सुटल्यावर दोन मिनिटं काढून ज्याचं काही दिसलं ते त्याच्या नावापुढे टाक. आठवड्याने बघ, वीस-बावीस नावांपुढे काहीतरी असेल आणि दहा-बारा कोरी असतील. ती कोरी नावं म्हणजे तुझ्या वर्गातली शांत मुलं, मागच्या ओळीतली, ना त्रास देणारी ना हात वर करणारी. पुढचे काही दिवस मुद्दाम त्यांच्याकडेच बघ. प्रत्येकाचं सापडतं. मला तीस-पस्तीस वर्षांत न सापडलेलं मूल आठवत नाही. एका मुलाचं काही केल्या दिसेना, तेव्हा मी त्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला. त्याने आपल्या भाकरीतला चतकोर गुपचूप कुत्र्यासाठी खिशात ठेवला. मला ओळ मिळाली.

वहीचं मागचं कव्हरही वाया घालवू नकोस. बाहेरच्या कोऱ्या बाजूला पट्टीने नवकंकरीचा पट आख. एकात एक तीन चौकोन काढायचे आणि बाजूंचे मध्य रेघेने जोडायचे, मिळून २४ जागा होतात. एकाकडे नऊ चिंचोके, दुसऱ्याकडे नऊ खडे. आळीपाळीने मांडायचे, तीन एका रेघेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. सगळे मांडून झाले की रेघेवरून एकेक घर सरकवायचे, आणि ज्याच्याकडे दोनच उरले तो हरला. जुन्या देवळांच्या आणि लेण्यांच्या दगडी ओट्यांवर हा पट कोरलेला सापडतो, इतका तो जुना खेळ आहे. कव्हर फाटलं तरी मूल तो मातीत काढू शकतं. वह्या द्यायच्या दोन दिवस आधी खेळाच्या तासाला सगळ्यांना शिकव, म्हणजे त्यांना समजावून सांगायला मोठ्यांची गरज पडणार नाही. चिंचोके तुझ्याकडे पोतंभर जमतील, मुलांना नुसतं सांगायची खोटी.

वहीबरोबर पेन्सिल आणि पेन्सिलीबरोबर शार्पनर दे. खडूपेटीची गोष्ट विसरू नकोस.

आता दुसरी वस्तू. ही मला वहीइतकीच महत्त्वाची वाटते आणि सगळ्यांत स्वस्त आहे. पोस्टकार्ड.

साधं पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळतं. प्रत्येकी दोन दिलीस तर ६८ कार्डं, ३४ रुपये. गावच्या शाखा डाकघरात एवढी कार्डं एकदम असतीलच असं नाही, तेव्हा पोस्टमनकाकांना आधी सांगून ठेव, किंवा रिम आणायला जाशील तेव्हा तालुक्याच्या पोस्टातून घे. दोन्ही कार्डांवर शाळेचा पत्ता तूच लिही, पिनकोडसकट. मुलांवर सोडलास तर निम्मी कार्डं पोचणार नाहीत. मागची बाजू त्यांची. लिहिता येईल त्याने लिहावं, तिसरीतल्या कच्च्या मुलाने कोपीचं चित्र काढावं, बैल काढावा, काहीही. ‘मला पाठव. मी वाट बघीन,’ एवढंच सांग.

द्यायच्या आधी एक तास पत्रावर घे. पत्राची पेटी लाल असते, ती कारखान्याच्या गावातही असते, पोस्ट सापडलं नाही तर किराणा दुकानदाराला विचारायचं, हे सगळं सांग. पिनकोड काय असतो तेही. १९७२ च्या स्वातंत्र्यदिनी तो आपल्या देशात सुरू झाला आणि तो ज्यांनी तयार केला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, संस्कृतचे मोठे जाणकार. मुलांना हे ऐकायला आवडतं. पहिल्या आकड्यापासून गावापर्यंत कसं पोचायचं ते फळ्यावर दाखव.

माझ्या शाळेत एका वर्षी अशी अकरा कार्डं परत आली. पहिलं आलं ते नोव्हेंबरच्या शेवटी. एका कोपऱ्याला काळा डाग, बहुतेक चुलीजवळ ठेवलं असावं. मागे दोनच ओळी. ‘बाई मी बरी आहे. बाळूला दात आला.’ परिपाठाला मी ते वर्गात वाचलं. तिची मैत्रीण उठून म्हणाली, बाई, परत वाचा. मग आम्ही शिक्क्यावरचा पिनकोड बघितला, ४१६ ने सुरू होणारा, आणि नकाशावर ते गाव शोधलं. त्यानंतर कार्ड आलं की ते शोधणं हा वर्गाचा नेमच झाला. ५९ ने सुरू झालं तर मुलं ओरडायची, बेळगाव! त्या मुलीची जागा पाच महिने रिकामी होती, पण वर्ग तिला विसरला नाही, आणि ती एप्रिलमध्ये परत आली तेव्हा बाळूला किती दात आले हे सगळ्यांनी आधी विचारलं.

कोपीतल्या मुलांना उत्तर पाठवायचं तर अडचण असते, टोळी एका फडावरून दुसऱ्यावर हलते. म्हणून निघायच्या आधी मुकादमाचा मोबाइल नंबर घेऊन ठेव. महिन्यातून एकदा संध्याकाळी फोन लाव, मुलाला द्यायला सांग. देतात. माझा अनुभव आहे.

या १३ जणांच्या वह्यांना मागच्या कव्हरला आतून कागदाचा खिसा चिकटव आणि त्यात शिक्षण हमी कार्ड ठेव. ते द्यायचं कामच आहे आपलं, पण बऱ्याच ठिकाणी ते कपाटात पडून राहतं. आईबापांना तोंडी सांग, तिथे जवळ जी शाळा असेल तिथे हे दाखवा, मुलाला बसवून घ्यावं लागतं, दाखला नाही म्हणून नाही म्हणता येत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा तसं सांगतो. सगळी जातील असं नाही. धाकट्याला सांभाळायला कुणी नसलं तर नाहीच जाणार, तुलाही ते ठाऊक आहे. तरी एखादीच गेली तरी पाच महिने वाचतात.

काही मुलांचे आईबाप जातील आणि मुलं इथेच राहतील, आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. त्यांच्याकडे जास्त लक्ष दे. आईबाप दिवाळीआधीच गेले असतील तर या मुलांची दिवाळी त्यांच्याविना जाते. त्यांचं एक कार्ड आईला जाऊ दे. पत्ता तू मुकादमाकडून घे.

तिसरी गोष्ट छोटी आहे. तू कोल्हापूरची, म्हणजे दिवाळीचा किल्ला तुझ्या हातात असणार. शंभर ग्रॅम अळीव घे आणि कागदाच्या पुड्या बांधून प्रत्येकाला चमचा-अर्धा चमचा दे. मातीचा ढीग करायचा, ओला ठेवायचा, वर अळीव भुरभुरायचे, तीन-चार दिवसांत हिरवं होतं. तुझ्या शाळेच्या भागात दिवाळीत शेणाच्या गवळणी मांडतात, किल्ल्याची पद्धत तेवढी नसेल. म्हणून काय झालं? कोपीसमोर माती असते, पाणी असतं, आणि उगवलेलं बघायला धाकटं भावंड असतं. अळिवाचे दाणे भिजले की बुळबुळीत होऊन मातीला चिकटतात, तेव्हा आधी भिजवू नका, कोरडेच टाका, हे मात्र सांग.

पुस्तकांचं तू विचारलं नाहीस, पण मी बोलते. ३४ पुस्तकं विकत घ्यायची तुझी ऐपत नाही, आणि घ्यायचीही नाहीत. शाळेच्या कपाटात गोष्टींची पुस्तकं आहेत, बहुतेक शाळांत आहेत. ती हरवतील, फाटतील, तपासणीला कमी भरतील म्हणून कुलपात असतात. मुख्याध्यापकांशी बोल. प्रत्येक मुलाला सुट्टीसाठी एक पुस्तक, त्याने स्वतः निवडलेलं, वर्तमानपत्राच्या पिशवीत घालून. ऊसतोडीला जाणाऱ्यांनाही, आणि त्यांना आधी निवडू दे. दोन-चार परत येणार नाहीत हे धरून चाल. मुलाजवळ राहिलेलं पुस्तक कपाटातल्या पुस्तकापेक्षा बऱ्या जागी आहे, असं मी माझ्या मुख्याध्यापकांना सांगायचे आणि नोंदवहीत सही माझी करायचे. कपाट रिकामं असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत, छापून वाटायची परवानगी आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही इंटरनेटवर वाचायला मिळतात. उरलेल्या पैशांत एखादी छोटी गोष्ट झेरॉक्स करून घेता येईल.

सुट्टीच्या आधीच्या शनिवारी हाताशी वेळ असेल तर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि गुल खरवडून काढलेल्या आगकाड्या घेऊन त्रिकोण-चौकोन करायला लाव. अरविंद गुप्तांनी या खेळण्यांसाठी आयुष्य घातलं आणि ती सगळी त्यांनी मोफत ठेवली आहेत, मराठीतसुद्धा. चौकोन दाबला की वाकडा होतो आणि त्रिकोण होत नाही, हे मुलाच्या बोटांना कळतं तो क्षण बघण्यासारखा असतो. पण हे जमलं तर.

आता काही गोष्टी करू नकोस असं कळकळीने सांगते.

फोटो काढून स्टेटसला टाकू नकोस. तुझ्या मैत्रिणीच्या मनात वाईट काही नसेल, तिने खर्च केला, मनापासून केला. पण डबा पुढे धरून रांगेत उभं केलेलं मूल घेणारं म्हणून सगळ्या तालुक्याला दिसतं. त्याच्या आईच्या मोबाइलवरही तो फोटो येतो. तुझा खर्च तुझ्यापाशी आणि मुलाची वही मुलापाशी राहू दे.

पहिल्या तिघांना वेगळं, बाकीच्यांना वेगळं, असं अजिबात नको. परीक्षेचं कौतुक परीक्षेच्या दिवशी कर.

पैसे कमी पडतात म्हणून गावातल्या कुणाकडे मागायला जाऊ नकोस. कुणी आपणहून वह्या देतो म्हणालं आणि त्यावर कुणाचं नाव किंवा चेहरा छापलेला असेल, तर मुख्याध्यापकांना पुढे कर आणि नम्रपणे नको म्हण. शाळा दोन शिक्षकांची असेल तर दुसऱ्या सरांशी किंवा बाईंशीही आधी बोल. पहिली-दुसरीच्या मुलांनी दारातून डोकावून बघावं आणि त्यांच्या हातात काही नसावं, असं होऊ नये. त्यांना निदान अळिवाची पुडी आणि एकेक कोरा कागद तरी मिळू दे.

आणि वर्गात दिवाळी नसणारी घरं असतील तर भेटीला सुट्टीची भेट म्हण. वही, पेन्सिल, पत्र सगळ्यांचं असतं. अळिवाच्या पुडीसाठी किल्लाच लागतो असंही नाही.

हिशोब लिहिते, तुझ्या बाजारात दहा-वीस रुपये इकडे-तिकडे होतील. रिम ३००, दोरा आणि दाभण ५०, पोस्टकार्डं ३४, पेन्सिली २००, शार्पनर १००, अळीव ४०. एकूण ७२४. म्हणजे एका मुलामागे एकवीस-बावीस रुपये. हलकं वाटेल का, असं तू विचारलंस. ज्या मुलाने आपल्या नावाची वही उघडली आणि पहिल्या पानावर बाईंनी आपल्याबद्दल लिहिलेलं वाचलं, त्याला किंमत विचारून बघ. ती मुलगी पुन्हा विचारेल तेव्हा तिला खरं सांग, ‘मी स्वतः काहीतरी करतेय तुमच्यासाठी.’ ती थांबेल, इतकं पुरे.

मुलंही तुला काही आणून देतील. शेंगा, चिंचा, घरचा एखादा लाडू. नको म्हणू नकोस. त्यांच्यासमोर खा.

शेवटचं म्हणजे उरलेल्या पावणेतीनशे रुपयांचं. झेरॉक्स केलीस तर ठीकच. पण मला दुसरं सुचतंय. तू दिवाळीला कोल्हापूरला घरी जाशील. तुझ्या डोंगरपट्ट्यातल्या टोळ्या कारखान्यांवर जातात, त्यातल्या कितीतरी त्याच बाजूला उतरतात. म्हणजे तू घरी निघशील तेव्हा तुझी काही मुलंही तुझ्या माहेरच्या मुलखात असतील, कदाचित तासाभराच्या अंतरावर. मुकादमाचा नंबर तुझ्याकडे असेलच. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. भाऊबीज झाली की एखाद्या दुपारी जाऊन ये. अंधार पडायच्या आत परत येता येईल असं बघ, भावाला नाहीतर बहिणीला सोबत घे. फडावर नको, तिथे आईबापांचं काम मोडतं. कोप्यांवर जा. मुलं तिथेच असतात.

रिममधले २४ कागद उरतील. ते आणि दोरा-दाभण पिशवीत ठेव. कोप्यांवर इतर गावांची मुलंही असतात, आणि त्यांना वही मिळालेली नसते.

तुझी,
ताई